चाळीस गल्ल्या

अशी कल्पना कर, बाळा. संगणकाच्या पडद्यावर सगळं पुणं दिसतंय. पेठा, पूल, कालवा, अगदी सोसायट्यांची फाटकंसुद्धा. आणि तू राहतेस तिथे नुसतं कोरं, पांढरं. कालपर्यंत तिथे चाळीस गल्ल्या होत्या. आज कुणीतरी त्या पुसल्यात.

त्या पांढऱ्या डागाकडे बघत उत्तरेश्वर ओव्हाळ सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये उभे होते. शेजारी त्यांची नात मैना, इयत्ता पाचवी.

एकतीस वर्षं ते पाणीखात्यात चावीवाले होते. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे, पाणी सोडायचं. निवृत्तीनंतर लेकाच्या संगणकावर त्यांना हा इंटरनेटवरचा नकाशा सापडला. कुणीही हौसेनं आपला रस्ता त्यात काढावा, असा. त्यांनी आठ महिने पावलं मोजत कात्रजच्या टेकडीखालची आपली वस्ती त्यात काढली. नकाशावर नाव घेतलं ‘चावी’. मुद्दामच. त्या नावाला आडनाव नव्हतं.

मैनानं वर्गात सांगून ठेवलं होतं, की सोमवारी संगणकाच्या तासाला आमची गल्ली दाखवते. आणि आज रविवार होता.

नकाशा काढणाऱ्या स्वयंसेवकांची बैठक अनिरुद्धकडे होती. तो आयटीतला, इतरांचं काम तपासायचा. फळ्यावर हजर असलेल्या दहा जणांची नावं होती. उत्तरेश्वरांनी दहाही आडनावं वाचली, आणि मागे जाऊन आपल्या चपला दाराच्या आणखी जवळ सरकवल्या.

“चावी म्हणजे आपण?” अनिरुद्ध म्हणाला. “आम्हाला वाटलं, कुणी इंजिनियर असतील.”

“पाण्याच्या खात्यात होतो.”

“पूर्ण नाव काय आपलं?”

“उत्तरेश्वर.”

“आणि आडनाव?”

“गल्ल्या का पुसल्या, ते सांगा आधी.”

“अहो काका, चाळीस गल्ल्या आणि एक चूक नाही. शंका येणारच. खात्याचा नकाशा समोर ठेवून उतरवल्यात ना? तसं चालत नाही. दुसऱ्याचा नकाशा उतरवला, की सगळं काम कायद्यात अडकतं.”

कारण खरं असेलही. पण अशी नियमात बसणारी कारणं उत्तरेश्वरांनी जन्मभर ऐकली होती, आणि ती नेमकी त्यांच्याच दाराशी येऊन थांबायची.

“खात्याच्या नकाशात आमची वस्तीच नाय. उतरवू कशावरनं? तुमच्यातलं कुणीतरी या की बघायला. पाऊल न् पाऊल दाखवतो.”

दहा जण एकमेकांकडे बघू लागले.

“कात्रज फार लांब पडतं हो,” चैताली नावाची मुलगी म्हणाली. “दिवाळीनंतर बघू.”

चहा आला. सगळ्यांना कप, उत्तरेश्वरांना स्टीलचा पेला. कप संपले होते, की पेला मुद्दाम काढला होता, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

मैना पडद्याजवळ गेली. “दादा, तुमची गल्ली कुठली?”

अनिरुद्धनं हसून बोट ठेवलं.

“ही कुणी तपासली?”

“अगं, मी इथेच राहतो.”

“आम्हीपण तिथंच राहतो.”

मैनानं दप्तरातून वही काढली, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. अनिरुद्ध खिडकीशी आला. खाली त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ती टाच टेकवून उभी राहिली, आणि आजोबांसारखी एकसारखी पावलं टाकत, ओठांतल्या ओठांत मोजत निघाली. पलीकडच्या टोकाला सोसायटीनं गेल्या वर्षी बसवलेलं लोखंडी फाटक होतं. नकाशात मात्र रस्ता तिथून सरळ पुढे जात होता. तिनं कुलूप ओढून पाहिलं.

वर येऊन तिनं वहीचं पान अनिरुद्धसमोर ठेवलं. एकशे बारा पावलं. पुढे फाटक, कुलूप. नकाशात चूक.

मग काहीतरी आठवल्यासारखं तिनं पान परत ओढून घेतलं, आणि खाली सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: तपासणारी, मैना सुदर्शन ओव्हाळ.