वर्नाबाईंचा उसना कोट

मी कोट आहे. गडद निळा, अस्सल लोकरीचा, पितळी बटणांचा. मी कोणा एकाचा नाही, आणि त्याचा मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. एकाच्याच अंगावर जन्म काढणारे कोट मी पाहिलेत. जगाची त्यांना काही खबर नसते.

ओहायोतल्या आमच्या कॉलेजगावात, कोर्टाच्या समोर, वर्ना हॉलिस नावाच्या वकीलबाईंचं ऑफिस आहे. तिथे दारामागच्या खुंटीवर माझा मुक्काम. कॉलेजातल्या पोरांवर नशेच्या गोळ्यांचे, पुड्यांचे जड आरोप लागले की ती बाईंकडे धावत येतात. येतात कशी? टोपीचा स्वेटशर्ट, गुडघ्यावर फाटलेली पँट, पायात रबरी चपला. एक महाभाग तर गांजाच्या खटल्याला छातीवर गांजाचं पान छापलेला सदरा घालून आला होता. त्या दिवशी बाईंनी मला पहिल्यांदा खुंटीवरून काढलं आणि म्हणाल्या, "झाक ते झाड!"

खरं तर मला शिवलं होतं बाईंच्या नवऱ्यासाठी. रॉय शाळेत बँड शिकवायचा. ढोलाच्या तालावर माझ्या बाह्या वर-खाली व्हायच्या. चांगले दिवस होते ते. रॉय गेला. त्याचे बाकीचे कपडे बाईंनी चर्चला देऊन टाकले आणि मला ऑफिसात आणलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून कितीतरी पोरं माझ्यात शिरली आणि बाहेर पडली. एकावरही मी पटकन विश्वास ठेवला नाही. तुम्हाला माणसाचा चेहरा दिसतो, मला आतली बाजू कळते. तोंड म्हणतं "हो सर, नाही सर", आणि छाती भलतंच काही ठोकत असते. कॉलेजच्या डीनवर माझा विश्वास नाही, पोलिसांवर नाही. खरं सांगू, वर्नाबाईंवरही सुरुवातीला नव्हता. पोरगं खरं बोलतंय की खोटं, हे त्या कधी विचारतच नाहीत. वकिलाला कसं चालतं हे, असं मला वाटायचं.

मग आला वायट ड्रेसलर. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, लाल कानांचा, जरा वाकून चालणारा पोरगा. बरोबर त्याची आई, मार्नी.

वायटला लहानपणापासून लक्ष लागण्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. त्याच गोळ्या परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजात हातोहात फिरतात. कोणी कॉफी पाजतो, कोणी गोळी देतो. त्यांना दोन्ही सारखंच वाटतं. वायटच्या गोळ्या पुदिन्याच्या वड्यांच्या डबीत असायच्या. त्याचा खोलीतला जोडीदार ग्रेडी गोळ्या विकताना पकडला गेला, आणि स्वतःची कातडी वाचवायला त्यानं नाव घेतलं वायटचं.

"बाई, माझ्या मुलानं एक पैसा घेतलेला नाही," मार्नी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "त्यानं गोळ्या नुसत्या दिल्या. विकल्या नाहीत! गुरुवारी कॉलेजच्या चौकशीत डीनसमोर तो हेच छातीठोकपणे सांगणार आहे."

"सांगू दे," वर्नाबाई म्हणाल्या. "दात घासायचा ब्रश बरोबर द्या मात्र. तुरुंगात लागेल."

"म्हणजे?"

"कायद्याला देणं आणि विकणं एकच. फुकट दिली तरी ती विक्रीच. 'मी फक्त दिल्या' हे त्याला सुटकेचं वाक्य वाटतंय. ती कबुली आहे, बाई."

वायटचे कान आणखी लाल झाले. "पण डीन म्हणाल्या की ते कोर्ट नाही. म्हणाल्या, आपण सगळे एक कुटुंब आहोत."

"तुमच्या कुटुंबात जेवणाच्या टेबलावर बोलणं रेकॉर्ड करतात का रे?"

वायटनं कान चोळला.

"तिथलं रेकॉर्डिंग सरकारी वकील दुसऱ्या दिवशी मागवतो," बाई म्हणाल्या. "मला त्या खोलीत बसता येतं, बोलता येत नाही. तसा नियमच आहे त्यांचा. तू गप्प राहिलास तर कॉलेज तुला वर्षभर घरी पाठवेल. बोललास तर सरकार पाठवेल, आणि घरी नाही. परिचारक व्हायचं मग विसर."

"आमच्या घरात चूक कबूल करतात," मार्नी ताठ होऊन म्हणाली. "यानं शेजाऱ्याची काच फोडली होती, तेव्हा मीच हाताला धरून माफी मागायला नेलं होतं."

"शेजारी काचेसाठी कोणाला वर्षानुवर्षं आत टाकत नाही."

मार्नी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. मला तिचा राग आला. पण पोराचा संशय त्याहून जास्त आला. "नुसत्या दिल्या" हे आई दर वेळी मोठ्यानं म्हणायची, आणि पोरगा खाली बघायचा.

गुरुवारी मी त्याच्या अंगावर होतो. डीनची खोली उबदार. टेबलावर ओटची बिस्किटं, बशीशेजारी छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र, त्यावर लाल दिवा. डीनबाईंचा आवाज असा मधाळ की माझ्या अस्तरावर काटा आला.

"घे ना बिस्किट, वायट. घाबरू नकोस. आम्हाला शिक्षा नाही करायची, समजून घ्यायचंय फक्त. तुझ्या शब्दांत सांग बरं, काय झालं?"

वर्नाबाई शेजारी बसलेल्या, ओठ घट्ट मिटून. मार्नी मागच्या खुर्चीत. मला आतून कळत होतं, वाक्य त्याच्या छातीतून निघून गळ्याशी आलंय.

"मी फक्त..." तो म्हणाला.

आणि थांबला. मान वळवून त्यानं आईकडे पाहिलं. काचेच्या वेळी पाहिलं असेल तसंच.

मार्नी त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर त्या लाल दिव्यावर खिळली होती. किती वेळ कोण जाणे. मग तिनं हळूच, अगदी थोडी, मान हलवली. नाही.

वायटनं श्वास सोडला. माझी बटणं सैल झाली. "मी फक्त एवढंच सांगतो, मॅडम, की वकिलांच्या सल्ल्यानुसार मी काही बोलणार नाही."

डीनबाईंनी बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

कॉलेजनं त्याला वर्षभरासाठी काढलं. सरकारी वकिलानं रेकॉर्डिंग मागवलं, त्यात त्याला सापडलं डीनबाईंचं गोड बोलणं आणि वायटचा नकार. उरला ग्रेडी. त्याला बाईंनी साक्षीत असा पिळला की त्याचं त्यालाच कळेना, कोणी कोणाला काय दिलं. विक्रीचा आरोप सरकारला मागे घ्यावा लागला. औषध मूळ बाटलीत ठेवलं नाही, एवढा किरकोळ गुन्हा राहिला. वायट वर्षभर गावी जाऊन लाकडाच्या वखारीत राबला आणि परत वर्गात बसला.

मला परत द्यायला मार्नी आली. मायेपोटी तिनं मला धुतलं होतं. घरच्या मशीनमध्ये, गरम पाण्यात! रॉयच्या रुंद खांद्यांचा मी, आता शाळकरी पोरालाही तंग होईन. बाईंनी मला उचलून पाहिलं, हसू दाबलं, आणि खुंटीवर टांगलं.

मार्नी बसली ती उठेना.

"रविवारी जेवताना त्यानं सांगितलं मला," ती शेवटी म्हणाली. "सगळ्याच फुकट नव्हत्या दिल्या. दोघांकडून पैसे घेतले होते. तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी विचारलं नव्हतं."

"आणि मी इथे बसून केवढ्या मोठ्यानं सांगत होते."

"आईच ती. सांगणारच."

"मग आता काय करू मी त्याचं?"

वर्नाबाईंनी चष्मा काढून पुसला. "परक्या बाईच्या यंत्रासमोर जे ओकायचं राहिलं, ते पोरगं तुमच्या ताटाशी येऊन बोललं, मार्नी. आपणहून. रागवा हवं तेवढं. पण जेवायला वाढायचं थांबवू नका."

माझा संशय खरा ठरला होता. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. बाई खरं-खोटं का विचारत नाहीत, हे मात्र मला त्या दिवशी उमगलं. ते विचारायचा हक्क त्यांनी दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवलेला असतो.

तर मी हा असा आकसलेला, बाह्या आखूड झालेला, तरी खुंटीवर हजर. आयांनो, हात जोडून सांगतो, लोकर गार पाण्यात धुवा. आणि पोरांनो, गोड बोलणाऱ्याच्या खोलीत तोंड उघडण्याआधी इथे या.

आत्ताही कोणीतरी दार वाजवतंय. काचेतून खांदे चांगले रुंद दिसतायत. हा काही माझ्यात मावत नाही. आणि हा सगळं खरंही सांगणार नाही, असा मला आत्ताच दाट संशय आहे.

बाई म्हणतायत, "ये. बस."