कातडीची कसोटी

उजेडच खोटं बोलायला लागला तर माणसाने जगात भरवसा ठेवायचा कशावर, असा तपासनीसांचा गंभीर प्रश्न होता. ते दिवसा छापखान्यात रंग पास करत आणि घरी टॉर्च जमवत. बायकोचं म्हणणं एवढंच, की या घरात लाइट गेले की नेमका एकही सापडत नाही.

नवा टॉर्च आला की आधी पांढऱ्या भिंतीवर, मग टोमॅटोवर, मग बाबांवर. टोमॅटो लाल दिसला पाहिजे आणि माणसाची कातडी कातडीसारखी. भिकार एलईडीत जिवंत माणूसही कालच गेल्यासारखा दिसतो. बाबांची निवड झाली, कारण ते फारसे हलत नसत.

"बाबा, इकडे बघा."

"कसा दिसतोय?"

"पिवळे."

"वय झालं रे."

"तुम्ही नाही हो, उजेड! खोक्यावर रंग खरे दाखवण्याचे शंभरपैकी सत्त्याण्णव गुण छापलेत. नुसत्या थापा!"

तो टॉर्च परत गेला. दुसरा आला, तोही पिवळा. तिसरा चांगला महागडा. भिंतीवर दुधासारखा, टोमॅटोवर चोख, बाबांवर पिवळा. कातडीची कसोटी सगळ्यांत अवघड, म्हणून तपासनीसांनी भिंतीची आणि टोमॅटोची साक्ष काढून टाकली. टॉर्चच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर त्यांनी कंपनीचे वाभाडे काढले. काय नजर आहे, असं लोकांनी लिहिलं. मध्येच बाबा म्हणाले होते, पोट जड वाटतंय, जेवण जात नाही. बोलताना चेहरा हलत होता, म्हणून तपासनीसांनी त्यांना गप्प बसवलं होतं.

धाकटी बहीण आली ती भर दुपारी. बाबा खिडकीत बसले होते. तिने पिशवी तिथेच टाकली.

"दादा, अरे डोळे बघ यांचे! पिवळेधमक झालेत. कावीळ आहे ही. तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. जाहीरही केलं होतं. फक्त दोष कंपनीला दिला होता.

"त्याला नको बोलूस गं," बाबा म्हणाले. "रोज बघतो तो मला. नवनव्या बॅटऱ्या आणून बघतो."

तपासनीसांना मान वर करवेना. बायको गाडी बघायला गेली.

दवाखान्यात त्यांनी बाबांना हाताला धरून आत नेलं. त्या हाताकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. डॉक्टरांच्या खोलीतली ट्यूब फडफडत होती. बाबा खुर्चीत टेकायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "कावीळ."