आधी पाणी, मग पट्टा

मी एक पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे हं, दंडाला गुंडाळायचा, रक्तदाब मोजणारा. सोबत आकडे दाखवणारी डबी आणि मधली रबरी नळी, एवढाच माझा संसार. नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात काम करणाऱ्या कोमलनं मला तळेगावात विकत घेतलं आणि बेडशाला, लेण्याच्या डोंगराखालच्या गावात, आईवडिलांकडे आणून ठेवलं.

तिचे वडील अंबाजीआबा. त्यांचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि रोज चालायला सांगितलं. आबांनी लेण्याच्या पायऱ्या धरल्या. सकाळी वर जायचं, थंड दगडावर घटकाभर टेकायचं आणि झपझप घरी यायचं. पोट आत गेलं, झोप लागू लागली, गडी खुशीत होता.

घोळ घातला रतनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. मायाच जास्त, दुसरं काय! त्या मला घेऊन दारातच उभ्या असत. आबांच्या चपला सुटायच्या आत मी त्यांच्या दंडावर. आकडा अर्थातच चढलेला.

"बगा! पायऱ्या चढून चढून बीपी चढलं. उद्यापास्नं लेण्याला जायाचं न्हाई."

आणि त्यांनी चपला धान्याच्या कणगीत लपवल्या.

मी तळमळलो. चढताना पायांना रक्त जास्त लागतं, काळीज जोरानं ढकलतं, म्हणून माझा आकडा वर जातो. थोडं बसलं की आपसूक उतरतो. रोजच्या चालण्यानं तर रक्तवाहिन्या लवचिक राहतात, एरवीचा दाब कमी होतो. पण मला आकडा सांगता येतो, कारण नाही. आबा खाटेवर पडून राहू लागले. मला फार वाईट वाटायचं.

एकदा रतनबाईंची जुनी मैत्रीण, बांगड्या विकणाऱ्या अजीजुन्निसा, एसटीतून उतरून पायपीट करत आल्या. रतनबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं, नवऱ्याची सगळी कहाणी सांगितली. मग हौसेनं मला मैत्रिणीच्या दंडाला बांधलं. आकडा झकास!

"आगं, एवढी चालत आलीस, तरी तुजं वाढलं कसं न्हाई?"

अजीजुन्निसा हसल्या. "मला बसवलंस, पाणी पाजलंस. भाऊंना मातर दारातच धरतीस. आल्या माणसाला आदी टेकू द्यावं, रतन."

रतनबाई तडक उठल्या आणि कणगीतून चपला काढून आणल्या.

दुसऱ्या दिवशी आबा डोंगरावरून आले, तर ओट्यावर चटई आणि पाण्याचा तांब्या. मी मुकाट कोनाड्यात. ते पाठ टेकून निवांत बसले. बऱ्याच वेळानं मला गुंडाळलं. हवा भरताना धाकधूक मलाच होती. आकडा उमटला, डॉक्टरांना हवा होता तसाच. रतनबाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"जावा मग उद्या बी," त्या म्हणाल्या.

आता माझं कापड थोडं विरलंय, पण मी सुखात आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला घाईनं कुणाच्या दंडावर चढवू नका. माणसाला आधी बसू द्या. आमचे आबा रोज स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखे येतात. रतनबाई अजूनही दारात उभ्या असतात, फक्त हातात मी नसतो, तांब्या असतो.