कलमाखालचा फुटवा

झाडाला मरण नसते, आणि झाडात मिसळलेल्या माणसाला तर नसतेच, असे सारसोळ्याच्या धनाजी म्हात्र्याने बायकोच्या दहाव्याला चारचौघांत जाहीर केले. सरस्वतीच्या अस्थी खाडीत न सोडता त्याने उरणकडच्या आपल्या माळावर खड्ड्यात घातल्या आणि वर काजूचे कलम लावले. तेराव्याच्या आत एक बकरी येऊन ते खाऊन गेली.

त्याच खड्ड्यात दुसरे कलम लागले, भोवती काट्यांचे कुंपण झाले. ते नुसते जगले नाही, वर्षभरात धनाजीच्या छातीला आले. दर रविवारी धनाजी बसने माळावर जाई, आळ्यात पाणी घाली आणि शेजारी बसून घरची खबर सांगे. मुलाने, रूपेशने, गाडी घेतली, सूनबाई भाजीत मीठ घालत नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने बाल्कनीत कबुतरे पाळली. झाडाला टेकू दिला तर ते टेकू सोडून भलतीकडेच वाढले. तेव्हा धनाजीची खात्री पटली. सरस्वतीही कधी कुणाच्या आधाराने उभी राहिली नव्हती.

माळावरचे जुने काजू खोडकिड्याने पोखरले होते. ते कंबरेएवढे छाटावेत आणि नव्या धुमाऱ्यांवर चांगली कलमे बांधावीत, असे सरस्वती मरेपर्यंत म्हणत होती. त्या कामाला या रविवारी बंडू आला. बंडूचा उभा जन्म कलमे बांधण्यात गेलेला. जाता जाता तो कुंपणापाशी थांबला, उकिडवा बसला आणि बुंध्याची माती बोटाने उकरली.

"दादा, ह्यो जोड बगा," तो म्हणाला. "तुमी आनलेलं कलम म्हंजे ही वरची करंगळीएवढी काडी. आनि ह्यो फुटवा माजलाय तो जोडाच्या खालून फुटलाय. खालचं रोप रानटी हाय, कुठल्याबी बीचं. समदं पानी तेच पितंय."

धनाजीने वाकून पाहिले. मोठ्या पानांआड चार पानांची एक सुकलेली काडी होती. वर्षभर तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"म्हंजे वरीसभर मी परक्या बाईला घरचं सांगत होतो?"

बंडू हसला नाही. फुटवा आजच काढला तर काडी जीव धरेल, पावसावर ढकलले तर नाही, एवढे सांगून त्याने कात्री पुढे केली.

धनाजीने ती घेतली, पण हात पुढे जाईना. सुनेचे गाऱ्हाणे ऐकले होते ते या फुटव्यानेच, वाऱ्यावर मान हलवत, एकदाही मध्ये न बोलता. सरस्वतीने चाळीस वर्षांत इतके निमूटपणे काहीच ऐकून घेतले नव्हते. शंका खरे तर तेव्हाच यायला हवी होती.

त्याने फुटव्याची पाने एकदा चाचपली आणि तो बुडातून कापला. बोटांना चीक लागला. कापलेला फुटवा त्याने उचलून जुन्या काजूच्या सावलीत नीट निजवला. काडीवर वर्षात पहिल्यांदा ऊन पडले.

दोघे उभे राहिले. धनाजीने काडीला हात जोडले. सगळी खबर आता पहिल्यापासून सांगायची होती.

"बंडू," तो हळूच म्हणाला, "जरा मागं सर. आळ्यात उभा हायस."