कडुलिंबाला हिंग

उत्तरेतल्या त्या शहराच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या त्या गल्लीतल्या लोकांना आपल्या गल्लीचा भारी अभिमान. बाजार हाकेच्या अंतरावर, पडावाच्या नाक्यावर रिक्षात बसलं की थोड्याच वेळात घर, आणि तरी प्रत्येकाच्या दारात सावली. पणजोबांच्या वेळची झाडं दोन्ही बाजूंनी उभी. भर उन्हाळ्यात शहरातल्याच हजीरा भागातले पाहुणे येऊन म्हणत, तुमच्याकडे दोन डिग्री कमीच वाटतं. त्यावर गल्लीतली माणसं असं हसत, जणू ते दोन डिग्री त्यांनीच स्वतःच्या हातांनी कमी केले होते.

या सगळ्यांत मधुसूदनरावांचा अभिमान सर्वांत मोठा, आणि तो त्यांनी कमावलेलाही होता. सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला माणसं करवती घेऊन आली, तेव्हा सिंचन खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ घरासमोरच्या कडुलिंबाखाली लोखंडी खुर्ची टाकून तीन दिवस बसला. झाडं वाचली. वर्तमानपत्रात फोटो आला. तो आजही बैठकीत काचेच्या चौकटीत लावलेला आहे.

आणि याच माणसाने तो कडुलिंब मारला.

कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं साधं होतं. मुलगा विहंग पुण्याहून कायमचा परत यायचं म्हणत होता, आणि त्याने मोठी गाडी घेतली होती. ती आत घ्यायची तर फाटक रुंद करायला हवं, आणि ज्या बाजूला ते वाढू शकत होतं त्याच बाजूला लिंब उभा. झाड तोडायची परवानगी मागायची म्हणजे अर्ज करायचा. खुर्ची टाकून बसलेल्या माणसाने अर्ज कोणत्या तोंडाने करायचा? कोणा माळ्याकडून त्यांनी कधीकाळी ऐकलं होतं, की खोडात हिंग भरला की झाड गुपचूप वाळतं. जेठातल्या एका दुपारी, अंग भाजणारी लू वाहत होती आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, तेव्हा त्यांनी गिरमिटाने भिंतीकडच्या बाजूला, बुंध्याशी, अकरा भोकं पाडली. त्यांत हिंग ठासला आणि वरून ओल्या मातीने लिंपून टाकलं. एवढा हिंग कशाला आणलात, असं सुनंदाबाईंनी विचारलं होतं. लोणच्याला, असं ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर अविश्वास ठेवायची वेळ आली नव्हती, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

झाड हिंगाने गेलं की भोकांनी, देव जाणे. दिवाळीपर्यंत निम्मं वाळलं. फाल्गुन लागता लागता दरवर्षीसारखी पानं गळाली आणि नवी पालवी काही फुटली नाही.

गल्ली हवालदिल झाली, कारण पाडवा जवळ आला होता. गल्लीतल्या एकूण एक मराठी घराच्या गुढीला डहाळी याच झाडाची, आणि ती काढून द्यायचा मान मधुसूदनरावांचा. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्याच अंगणात सगळे जमले. कोणी वाळवीचं नाव घेतलं, कोणी खालून गेलेल्या नव्या पाइपलाइनचं. मधुसूदनराव मान हलवत ऐकत होते.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या शांताताई उठल्या. ताईंचे यजमान फौजेत होते, ते जाऊन बारा वर्षं झाली. बाई बोलायला फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

"गलती माझी आहे," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी आमची नाली चोक झाली होती. दोन महिने साबणाचं पाणी रस्त्यावरून वाहत त्याच झाडाच्या मुळाशी जात होतं. मला दिसत होतं. आज करू, उद्या करू, असं करत राहिले."

सगळ्यांनी मधुसूदनरावांकडे पाहिलं, कारण झाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. खरं सांगायची ती वेळ होती, आणि ते त्यांना पुरतं कळत होतं. पण ते मोठ्या मायेने म्हणाले, "ताई, चूक माणसाकडूनच होते. आम्ही सगळ्यांनी तुम्हाला माफ केलं."

लोकांना ते फार आवडलं. एकजण तर म्हणाला की मन असावं तर असं.

दुसऱ्या दिवसापासून शांताताईंचं प्रायश्चित्त सुरू झालं. त्यांनी स्वतःच्या फाटकाशी फरशी उखडून कडुलिंबाचं रोप लावलं. गुडघे दुखत असताना रोज सकाळी बादली घेऊन त्या रोपाला पाणी घालायच्या, आणि मग तीच बादली भरून समोरच्या वाळलेल्या झाडालाही. सून सोनिका चिडायची. मेलेल्या झाडाला पाणी घालतात का, म्हणायची. ताई म्हणायच्या, मुळांत जीव असेल एखादे वेळी. मधुसूदनराव खिडकीच्या पडद्याआड सकाळचा चहा पीत हे पाहत. पूर्वी ते फाटकात उभे राहून चहा पीत.

होळीला विहंग गाडी घेऊन आला. गाडी त्याने रस्त्यावरच लावली, वर बघितलं आणि म्हणाला, "बाबा, इथे तर मस्त छाव होती ना? अब तो गाडी तपेगी." फाटकाचा विषय त्याच्या डोक्यातही राहिला नव्हता. पुण्यातली नोकरी आणखी दोन वर्षं तरी सोडत नाही, हे त्याने जेवताना सांगितलं.

पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या, बाजारातून आणलेल्या डहाळ्यांच्या. पूजा झाल्यावर शांताताई वाटी घेऊन आल्या. कडुलिंबाची पानं, गूळ, जिरं, भिजवलेली डाळ आणि हिंग यांची चटणी, दरवर्षी वाटतात तशी.

"हिंग जरा जास्तच पडलाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि पानं आपल्या झाडाची नाहीत. तेवढं गोड मानून घ्या."

मधुसूदनरावांनी चटणी तोंडात टाकली. पानांचा कडूपणा लागलाच नाही, हिंगच लागला. ती दुपार, गिरमिटाचा आवाज, बोटांना आठवडाभर राहिलेला वास, सगळं परत आलं. ते ताईंना भिंतीकडच्या बाजूला घेऊन गेले, खाली बसले आणि नखाने एका भोकातली माती उकरली.

"हे मी केलं," ते म्हणाले. "फाटकासाठी. तुमच्या पाण्याने काही झालं नाही."

शांताताई वाकल्या. भोकात बोट घालून त्यांनी नाकाशी नेलं. मग एकेक करत अकराही भोकं पाहिली. त्या ओरडतील असं मधुसूदनरावांना वाटत होतं, तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

"झाडाचं जाऊ द्या," त्या हळू म्हणाल्या. "पण भाऊ, तुम्ही मला माफ केलंत. सगळ्यांसमोर."

त्या रस्ता ओलांडून घरी गेल्या. वाटी त्यांच्या हातातच राहिली होती.

मधुसूदनराव हाताची माती झटकून उठले. मग घरात जाऊन त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं, लोणच्यापासून. बाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, आता काय करणार. सगळ्यांना बोलवा, ते म्हणाले, आत्ताच, गुढ्या उतरायच्या आत.

माणसं सणाच्या कपड्यांत जमली. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल, अशा चेहऱ्याने उभी राहिली. मधुसूदनरावांनी ती जुनी लोखंडी खुर्ची बाहेर आणली, वाळलेल्या झाडाखाली ठेवली आणि स्वतः समोरच्या घरी जाऊन शांताताईंना हात जोडून बोलावलं. त्या आल्या, पण बसायला तयार होईनात. शेवटी सोनिकाने त्यांना हाताला धरून बसवलं.

मधुसूदनराव त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हिंग कुठून आणला तिथून सांगायला लागले.