देवाच्या डोळ्यात कुंकू

मंगल कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता आणि आत नेत्रानंद महाराज डोळे मिटून लोकांच्या घरात डोकावत होते. दर गुरुवारी आमच्या पुंडलिकनगरात हा दरबार भरे. महाराज एकेकावर बोट रोखत आणि ज्याच्यावर बोट येई तो थरथरायला लागे.

"साहेबराव, परवा तुझ्या दारी पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला. डोक्यावर टक्कल. निघताना म्हणाला, आता वाटणी झालीच पाहिजे. खरं की खोटं?"

"खरं, महाराज!" साहेबराव उठून उभेच राहिले. "माझा थोरला भाऊ! पण तुम्ही तर तिथं नव्हते!"

"आम्ही कुठं नसतो?" महाराज डोळे न उघडता हसले आणि सगळं कार्यालय जयजयकारानं दणाणलं.

मी मागच्या खुर्चीत बसले होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या कालिंदीबाई दरबारात कशा, असं दोघींनी एकमेकींच्या कानात विचारलंही. मी आले होते ती पुढच्या रांगेतल्या गोकुळच्या काळजीपोटी. गोकुळ आमचा सख्खा शेजारी. मूळचा करमाडचा, घरची शेती सांभाळून शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी करणारा, सरळ माणूस. त्याच्या शेजारी त्याची आई द्वारकाबाई हात जोडून बसली होती. महाराजांचं बोट त्याच्यावर आलं.

"गोकुळ, तुझी लेक मैत्रिणीला म्हणाली, पप्पा नाय म्हणले तरी मी नोकरीला जाणार. निळी बॅगसुद्धा आणून ठेवलीय. ऐक. या पोरीनं कामासाठी उंबरा ओलांडला, तर घरातलं वडीलधारं माणूस वर्ष काढणार नाही."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. गोकुळचा चेहरा पांढराफटक पडला.

गोकुळची ही एकुलती एक लेक म्हणजे संस्कृती. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झालेली. बिडकीनजवळच्या कारखान्यात तिला नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. त्या दिवशी गेली नाही तर जागा दुसऱ्याला. दरबार संपला तसा गोकुळ घरी आला, पोरीचा फोन काढून घेतला, निळी बॅग कपाटात कोंडली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावू लागला. पोरगी फाटकापर्यंत येऊ शकायची, पुढं नाही.

दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. एका दुपारी तीच ओलांडून संस्कृती माझ्या स्वयंपाकघरात आली. खुर्चीत न बसता खालीच ओट्याला टेकून बसली आणि कुजबुजत बोलायला लागली.

"मोठ्यानं बोल की. इथं कोण आहे?"

"त्यांना ऐकू येतं, काकू. मी करुणाला खरंच तसं म्हणाले होते. करुणा कुणाला सांगणार नाय, तिनं आईची शपथ घेतली. मग त्यांना कसं कळलं?" तिचे डोळे भरले. "आता मला वाटतं, मनातलंसुद्धा दिसत असंल. मी विचार करायचंच बंद केलंय. मनात काय आलं की पाढे म्हणते."

मला संताप आला. कुलूप लावलं तर माणूस किल्ली शोधतो. या पोरीच्या डोक्यालाच कुलूप घातलं होतं आणि किल्ली बिडकीन रस्त्यावरच्या महाराजांच्या आश्रमात होती.

"मला सांग," मी म्हटलं, "महाराजांनी तुमच्या घरातलं आजवर काय काय ओळखलं?"

तिनं आठवून सांगितलं. मावशी आलेली, दूधवाल्याशी झालेलं भांडण, करुणाशी झालेलं बोलणं. "मध्ये एका गुरुवारी मात्र काहीच सांगता आलं नाय त्यांना. म्हणाले, तुमच्या घरावर लाल पडदा आलाय. मग त्यांचा शिष्य आला, तो बन्सी. कॅमेऱ्याची शुद्धी करून गेला. आजीला म्हणाला, देवाच्या डोळ्यात कुंकू घालत जाऊ नका."

"कुंकू?"

"आजी रोज कॅमेऱ्याला हळदीकुंकू वाहते ना. त्या आठवड्यात काचेवरच गेलं होतं."

मी हसायला लागले आणि पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. बाहेरच्या खोलीतून आमचे यजमान मुकुंदराव ओरडले, "शुद्धी कशानं केली? फडक्यानं?"

"व्हय काका, ओल्या फडक्यानं."

"मग बरोबर आहे. कॅमेरा असाच पुसतात!"

या कॅमेऱ्याची गोष्ट सांगायला हवी. दिवाळीच्या सुमारास कॉलनीत दोन घरं फुटली आणि जो तो दारावर लावायला कॅमेरा शोधू लागला. स्वस्त हवा, वायरिंगची भानगड नको. आमचे मुकुंदराव तेव्हापासून शोधतच होते. आमच्या घरात कॅमेरा नव्हता, कॅमेऱ्यांची तुलना होती. बॅटरी किती टिकते, पावसाचं पाणी आत जातं का, रेकॉर्डिंग कार्डात राहतं की कंपनीकडं, रात्री चेहरा ओळखू येतो की नुसताच ठिपका, यावर ते जेवताना बोलत आणि मी वरण वाढत असे. बाकीच्यांना एवढा दम नव्हता. महाराजांचा बन्सी दारोदार 'सिद्ध केलेला' कॅमेरा विकत फिरला आणि सगळ्या गल्लीनं तो घेऊन फाटकाच्या खांबावर लावला.

बन्सीची पोपटपंची मी स्वतः ऐकली होती. "माय, याला ना वायर ना वीज. साक्षात सूर्यनारायणावर चालतो!" वरती हातभर लांबीची सोलरची पट्टी असते, ती काय सूर्यनारायणानं पाठवलेली नाही. "फोनात दाखवायचं काम आपलं. तुम्ही फक्त बघायचं. रीसेट केला की सिद्धी उतरली. आन् हे खालचं बटण लाल कपड्यानं बांधलंय, त्याला बिलकूल हात लावायचा नाय." लोकांनी मान डोलावली, नारळ फोडला, लिंबू-मिरची टांगली. ज्या वस्तूचं माहितीपत्रक वाचायचं तिची पूजा केली की वाचायचं राहूनच जातं.

"अगं, कॅमेऱ्याच्या ॲपचं खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा," मुकुंदराव आत येत म्हणाले. "वायरलेस कॅमेरा म्हणजे चित्र आणि आवाज हवेतून जाणार. कुणाकडे जाणार? ज्याच्या नावावर खातं, त्याच्याकडे. बाकीचे पाहुणे. मालक आपल्या फोनवर गल्लीभरचे कॅमेरे घेऊन बसू शकतो."

आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. आपल्याकडची माणसं घरात चहापाणी घेतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि मुद्द्याचं बोलायला फाटकात थांबतात. "येतो मग" म्हटल्यावर पुढं अर्धा तास. वाटण्या, लग्नं, भांडणं, रुसवे, सगळं फाटकात. साहेबरावांचा भाऊही वाटणीचं बोलला ते निघतानाच. महाराजांची दिव्यदृष्टी फाटकापाशी सुरू होत होती आणि तिथंच संपत होती.

"संस्कृती, आत्ता या स्वयंपाकघरात मी महाराजांना भामटा म्हणते. बघू, गुरुवारी त्यांना राग येतो का."

ती पहिल्यांदा किंचित हसली. पण लगेच म्हणाली, "पप्पा नाय मानणार, काकू."

गोकुळ खरंच मानेना. संध्याकाळी मी त्याच्या घरात, आतल्या खोलीत त्याच्यासमोर आणि द्वारकाबाईसमोर बसले. "काकू, तुमचं शिक्षण लई मोठं," तो म्हणाला, "पण डोळ्यांनी बघितलेलं कसं खोटं म्हणू? त्यांना समदं दिसतंय."

"मग परीक्षा घेऊ. उद्या तुमच्या फाटकात मी एक खोटं बोलते. आमच्या परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली खणताना धनाचा हंडा लागला, असं. महाराजांना खरंच दिसत असेल तर ते मला भर दरबारात खोटारडी म्हणतील. मी त्यांचे पाय धरीन."

गोकुळ बघतच राहिला. आमच्या परसात कढीपत्ता सोडा, गवताची काडी नाही. सगळी शहाबादी फरशी आहे आणि ती बसवताना मापं धरायला हाच उभा होता. मी बजावलं, "पण आपसांत ठेवायचं. महाराजांना आधी जाऊन सांगायचं नाही."

"सांगायची गरजच काय? त्यांना दिसतंयच की!"

द्वारकाबाई तेवढ्यावर थांबली नाही. "साताऱ्याच्या खंडोबाची आण घे, गोकुळ. तोंड उघडायचं नाय." मला वाटलं होतं म्हातारी सगळ्यात पक्की भक्त. पण नातीला कोंडल्यापासून तिच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. गोकुळनं आण घेतली.

दुसऱ्या दिवशी मी फाटकात उभी राहून, आवाज दबका पण कॅमेऱ्याला ऐकू जाईल इतपत ठेवून, हंड्याची गोष्ट सांगितली. द्वारकाबाई गालावर हात ठेवून "आगं माय!" म्हणाली. तिच्यासारखी नटी नाटक कंपनीलाही मिळाली नसती.

गुरुवारी मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. महाराजांचं बोट फिरत फिरत माझ्यावर आलं.

"बाई, तुम्ही शंका घेऊन येता आणि लक्ष्मी मात्र तुमच्याच परसात बसली आहे. कढीपत्त्याच्या मुळाशी तांब्याचा हंडा. त्यावर नाग आहे, सात फण्यांचा. विधी न करता हात लावाल तर कुळाचा नाश!"

कार्यालयभर हुंकार उठला. माझ्या मागं कुणीतरी "नशीबवान बाई" म्हणालं. मी काही बोलायच्या आत गोकुळ उभा राहिला.

"महाराज, झाड कुठंय?"

"परसात, बाळ."

"काकूंच्या परसात झाड नाय. मी स्वतः फरशी बसवून घेतलीय."

महाराजांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. "ते सूक्ष्म झाड आहे. पाप्यांना दिसत नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी उठले. "गोकुळ, तुझ्या दारावरच्या कॅमेऱ्याचा मालक कोण?"

"मीच की. पैसे मी दिले."

"त्या लाल कपड्याखाली घंटीचं बटण आहे. ते दाबलं की मालकाचा फोन वाजतो. तुझा फोन हातात धर." मी घरी मुकुंदरावांना फोन लावून एवढंच म्हटलं, "सांगा तिला, दाब म्हणावं."

सगळ्यांचे डोळे गोकुळच्या हातावर. फोन गप्प. आणि महाराजांच्या आसनामागून घंटी वाजली.

बन्सी खिसा दाबत उठला. घंटी थांबेना. साहेबरावांनी त्याचा हात धरला, फोन ओढून घेतला, आणि त्यावर चित्र दिसलं. गोकुळचं फाटक, आणि फाटकात संस्कृती. साहेबरावांनी फोन उचलून माईकसमोर धरला. त्या पोरीचा आवाज अख्ख्या कार्यालयात घुमला.

"पप्पा, मी फाटकात उभी आहे. मला कामाला जायचंय. कुलूप काढा, पप्पा."

गोकुळ मटकन खाली बसला आणि भर सभेत रडला. त्याच्या रडण्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही, कारण साहेबराव फोनवर बोट फिरवत होते आणि गल्लीतलं एकेक फाटक येत होतं. समोरच्या घरातल्या मोनिकाचं, जिथं ती न्हाऊन केस वाळवत बसते. साहेबरावांचं स्वतःचं. "माझ्या दारात बसून बघत होतास व्हय रं!" मोनिका चप्पल शोधायला धावली. महाराजांनी मागच्या दाराकडं धाव घेतली, पण तिथं द्वारकाबाई उभी होती. "कुठं चाललास बाबा? तू तर सगळीकडं असतोस ना?" पोलीस आले. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, चोरून पाहण्याविरुद्धचाही आहे. तक्रारीवर पहिली सही गोकुळची.

म्हणजे सिद्धी होती ती एवढीच. कॅमेरा बन्सीच्या खात्यावर, बन्सी महाराजांच्या कानाशी, आणि महाराज आपल्या डोक्यावर. आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवलं आणि आपण त्याला देववाणी म्हटलं.

संध्याकाळी गोकुळ आमच्याकडं आला. "काका, चांगला कॅमेरा सांगा. खातं माझ्या नावावर काढू. म्हणजे पोरगी कधी जाते, कुणाशी बोलते, मलाच दिसंल."

बुवा गेला होता, कुलूप तसंच होतं. उत्तर द्वारकाबाईनं दिलं.

"मग त्या भामट्यात आन् तुझ्यात फरक काय रं? खातं तिच्या नावावर काढ. आन् तोंड रस्त्याकडं कर. चोर बाहेरून येतो, घरातून नाय."

मुकुंदरावांची तुलना अखेर संपली. दोन्ही घरांना एकसारखे कॅमेरे आले, पासवर्ड आमचे आम्ही टाकले आणि माहितीपत्रक संस्कृतीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. द्वारकाबाईनं कुंकू आणलंच होतं. ते तिनं नातीच्या कपाळावर लावलं.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर पाया पडण्याआधी विचारा, हे मी कुठं बोलले होते आणि तेव्हा आसपास कोण होतं. उत्तर मिळेपर्यंत वाकू नका. आणि घरात येणाऱ्या यंत्राची आरती करण्याआधी ते कुणाचं ऐकतं तेवढं बघा.

एक तारखेला सकाळी फाटक सताड उघडं होतं. निळी बॅग खांद्याला लावून संस्कृती निघाली आणि आपल्या रीतीप्रमाणे फाटकात थांबली. आजीशी काय काय बोलत होती, मला माझ्या ओट्यावरून सगळं ऐकू आलं, कारण ती कुजबुजत नव्हती.