चार दुमडींचा फ्रॉक

मुलांच्या कपड्यांवर किती खर्च करावा, या विषयात आमच्या भागात शेवटचा शब्द दुमडसाहेबांचा असे. हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. ते नळाचे पाइप ठेवणाऱ्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. दुमडसाहेब हे नाव त्यांना माझ्या दुकानात बसून कुणीतरी दिलं. कुणी दिलं ते मी सहसा सांगत नाही, कारण तो मीच.

मी शिंपी. जिन्याखाली दुकान, एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. नवीन कपडे शिवायला आता माझ्याकडे कुणी येत नाही. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पँट आखूड करणं यावर माझं बरं चाललं आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. नवा सूट शिवणाऱ्याला माणूस एकदाच भेटतो, दुरुस्तीवाल्याला त्याचं पोट सुटतानाही दिसतं.

दुमडसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. शाळेचा गणवेश म्हणजे गडद निळा बिनबाह्यांचा फ्रॉक आणि आत पांढरा शर्ट. त्यांनी दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक विकत आणला होता. घेराला आतून एकावर एक चार दुमडी घालायच्या, त्याही हातशिलाईच्या, म्हणजे सहज उसवता येतील. दोन्ही बाजूंना शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची. मग दरवर्षी एक दुमड सोडायची. हे सगळं त्यांनी कागदावर आकृती काढून आणलं होतं, आणि आकृतीत दुमडींना क्रमांक होते. कागदावर आकृती काढून आणणारं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. पण ही आकृती बरोबर होती, एवढं मला कबूल केलंच पाहिजे.

त्यांचं म्हणणं असं की मूल कपडे वापरून संपवत नाही, ते कपड्यांतून नुसतं निघून जातं. कापड धडधाकट असतं, रंग गेलेला नसतो, तरी वर्षभरात ते दुसऱ्या कुणाला फुकट द्यावं लागतं. म्हणजे आपण कापडाचे पैसे देत नाही, उंचीचे देतो. यात खोट काढायला जागा नव्हती. ते कंजूषही नव्हते. मुलीच्या पुस्तकांना, दुधाला, दाताच्या डॉक्टरला त्यांनी कधी हात आखडला नाही. वाया जाणं तेवढं त्यांना सोसत नसे.

मी माप घेत असताना मुलीनं कुणी न सांगता माझ्या डब्यातली बटणं लहानमोठी वेगळी करून ठेवली. खाण तशी माती, असं मी मनात म्हटलं आणि तिचं नाव बटण ठेवलं. नावं ठेवायची मला खोडच आहे. पुढं घरातलेही तिला तेच म्हणू लागले.

एक वर्षानं पहिली दुमड सुटली. दुमड सोडली की जुन्या घडीच्या जागी एक फिकट रेघ उरते. कितीही इस्त्री फिरवा, ती जात नाही. मुलांच्या कपड्यांवरच्या या रेघा मोजून मी वय सांगू शकतो. बटणच्या फ्रॉकवर पहिली रेघ उमटली, मी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप वहीत लिहिलं आणि विसरून गेलो.

त्याच वर्षी शाळेनं पालकांच्या सभेत दुमडसाहेबांना बोलायला सांगितलं. दहा मिनिटं दिली होती, ते पाऊण तास बोलले. फ्रॉक सोबत नेला होता, तो उलटा करून दाखवला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या जिन्याखाली आईबापांची रांग लागली. महिनाभर मी दुमडी घालत होतो. तेव्हा हेही सांगून टाकतो की दुमडसाहेबांचं कौतुक करण्यात माझं नुकसान काहीच नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी ते फ्रॉक न घेताच आले. मुलगी बरोबर होती. नुसती बातमी द्यायला आले होते. "मास्तर, यंदा दुमड सोडायचीच नाही. अजून छान होतोय." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू फ्रॉकनंच त्यांना काही परत केलं होतं. मी म्हटलं, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना साहेब, तुमच्या पोरीनं ते फारच मनावर घेतलं." ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गुणी आहे माझी बटण. खर्चात पाडत नाही." मुलीला बक्षीस मिळाल्यासारखं झालं. त्या विनोदाची मला आजही लाज वाटते. तो त्यांनी गोदामात सगळ्यांना सांगितला होता.

मुलगी खरोखरच गुणी होती. दंगा नाही, पळापळ नाही, सगळे घामानं निथळत असताना अंगात स्वेटर. शिक्षिका तिच्यासारखी शांत मुलगी नाही म्हणून सांगत. ती वर्गात पहिल्या बाकावर बसायची, ठेंगणी म्हणून. मामावर गेलीय, असं घरात ठरलं होतं. मामा ठेंगणे होते हे खरं.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा फ्रॉक घेऊन तिची आई आली. ती बेकरीत कामाला, पहाटे जाते, दुपारी येते, आणि तिच्या बोलण्यात दमलेल्या माणसाचा नेमकेपणा असतो. बाकावर बसून बसून फ्रॉक मागून विरला होता. नवा घ्यावा असं तिचं मत होतं, पण दुमडसाहेबांचा निरोप असा होता की अजून तीन दुमडी शिल्लक आहेत, त्यातलं कापड काढून ठिगळ लावा.

ती गेल्यावर मी टाके उसवले. तिन्ही दुमडी उघडल्या आणि आतलं कापड दुकानातून कालच आणल्यासारखं गर्द निळं निघालं. बाहेरचं सगळं धुऊन धुऊन राखाडी झालेलं. रेघ एकच. दोन वर्षांपूर्वीची. फ्रॉक म्हातारा झाला होता आणि मूल होतं तिथंच होतं.

मी वही काढली, जुनं माप शोधलं आणि मुलीला घेऊन या असा निरोप पाठवला. संध्याकाळी बापलेक आले. मी टेप लावली. आकडा तोच आला, बोटभरही फरक नाही. मी मुलीला बटणांच्या डब्याशी बसवलं आणि मशीनला तेल घालत राहिलो. मशीनला तेलाची गरज नव्हती. आपण शिंपी, आपलं काम कापडाशी, कुणाच्या पोरीबद्दल बोलणारे आपण कोण, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. आणि रांग लावून गेलेली ती सगळी गिऱ्हाइकंही डोळ्यांपुढं आली, खोटं कशाला बोलू. शेवटी वही त्यांच्यासमोर ठेवली.

ते म्हणाले, तुमची टेप ताणली गेलीय. कापडी टेप ताणते हे खरंच आहे. ते तसेच उठले, गोदामात गेले आणि पोलादी टेप घेऊन आले. मुलीला माझ्या दाराच्या चौकटीला उभं केलं आणि मोजलं. मग वळवून पुन्हा मोजलं. मग म्हणाले, हिचा मामा ठेंगणा आहे.

"मामा ठेंगणे असतील साहेब," मी म्हटलं, "पण ते वाढत वाढत ठेंगणे झाले. ही थांबलीय."

त्यांनी टेप सोडली, ती सरसर आत गेली. मुलीचा हात धरून ते निघाले आणि फ्रॉक माझ्याकडेच राहिला.

पुढचं त्यांनी मला आठवड्यानं स्टुलावर बसून सांगितलं. गळ्यातली एक ग्रंथी आळसावली होती. रक्त तपासलं तेव्हा लगेच कळलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, बस. गोळी स्वस्त होती. वाढ कधी थांबली असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर यांना पहिली दुमड सोडलेला महिना सांगता आला. मग बाईंनी विचारलं की दोन वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही, बहुतेक आईबापांना कपडे आखूड व्हायचे थांबले की शंका येते. हे वाक्य त्यांनी मला गोदामातला माल सांगावा तसं सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तर, मी त्यावर भाषण दिलं होतं." भाषण त्यांचं, पण विनोद माझा होता.

गेलेली उंची बरीचशी भरून येईल, पण सगळी येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. सहा महिन्यांनी मुलीला आणा, तोवर घरी मोजत बसू नका, मूल धास्तावतं. शिवाय पोरीला घाबरवायला नको म्हणून नवराबायकोनं तिला एवढंच सांगितलं की ही ताकदीची गोळी आहे.

दुमडसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या नेमक्या मापाचा फ्रॉक घेतला. घेर बरोबर गुडघ्याच्या वाटीवर. मोजायचं नाही असं ठरलं होतं, पण बघायला बंदी नव्हती. रोज सकाळी मुलगी शाळेला निघाली की ते दारात उभे राहून तिच्या गुडघ्यांकडे बघत. एक महिना गेला, दोन गेले. ते माझ्याकडे येत, स्टुलावर बसत आणि मान हलवत. फ्रॉक होता तिथंच होता. तिसऱ्या महिन्यानंतर त्यांनी येणं सोडलं. बायको म्हणाली, जेवणावरची वासनाच गेलीय, गोळी लागू पडत नाही म्हणतात, दुसऱ्या गावच्या मोठ्या डॉक्टरकडं जायचं काढलंय. मुलीसमोर काही बोलत नाहीत, नुसते तोंड पाडून बसतात.

चौथा महिना संपत आला तेव्हा एक दिवस शाळा सुटल्यावर बटण एकटीच दुकानात आली. दप्तर पोटाशी धरलेलं. स्वेटर नव्हता. तिनं आधी मागं वळून रस्ता पाहिला.

"मास्तरकाका, याला खाली एक पट्टी जोडाल? पण बाबांना सांगायचं नाही."

मी चष्मा लावून खाली बसलो. विकतच्या फ्रॉकला घेरात दोन बोटं कापड दुमडलेलं असतंच. ते तिनं उसवून पार कडेपर्यंत सोडलं होतं, आणि सुतं निघू नयेत म्हणून कडेला टाके घातले होते, मोठे, वेडेवाकडे, शाई लावून निळ्या केलेल्या पांढऱ्या दोऱ्यानं. घडीच्या जागी रेघ उमटली होती. कधी उसवलंस, विचारलं, तर म्हणाली, एकदम नाही, थोडं थोडं. आता सोडायला कापड उरलं नव्हतं, आणि घेर पुन्हा गुडघ्याच्या वर चढला होता.

का गं, मी विचारलं.

"नवा आहे ना. आधीच किती खर्च झालाय, फ्रॉकचा, गोळ्यांचा. बाबा रोज बघतात आखूड झाला का म्हणून. जेवत पण नाहीत."

इतक्या वर्षांत माझ्या हातून सुई पडलेली मला आठवत नाही. त्या दिवशी पडली. मी ती शोधली नाही. एका गिऱ्हाइकाची पँट मशीनवर अर्धी होती, ती तशीच ठेवून मी दुकान बंद केलं आणि मुलीला म्हटलं चल. कुठं ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला, पण मोठ्यांचं ऐकायची तिला सवय होती. गोदामापर्यंत ती एका हातानं फ्रॉक खाली ओढत चालली.

दुमडसाहेब काउंटरमागे होते. समोर एक गिऱ्हाईक नळाची तोटी हातात घेऊन उभं होतं. मी मुलीला आत नेलं आणि म्हटलं, "साहेब, ही रेघ बघा."

ते वाकले. बाकी कुणाला ती रेघ समजावून सांगावी लागली असती. त्यांनी रेघेखाली दोन बोटं आडवी धरली, ती कडेपर्यंत बरोबर बसली. मग कडेपासून गुडघ्यापर्यंत तिसरं बोट ठेवलं. ते वेडे टाके त्यांनी पाहिले, एकेक करून पाहिले, आणि मान वर केली.

"मी मुद्दाम नाही वाढले, बाबा," मुलगी म्हणाली.

ते तिथंच, रचलेल्या पाइपांशेजारी फरशीवर बसले आणि तिच्या पायांना मिठी मारून मोठ्यानं रडायला लागले. काम करणारी माणसं थांबली. तोटीवालं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं, त्याला मी सांगितलं की थोडा वेळ लागेल. बापाचं रडणं थांबेना तशी मुलगी कावरीबावरी झाली. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि समजूत घालत म्हणाली, "नवा नको घेऊ, बाबा. मास्तरकाका पट्टी जोडून देणार आहेत."